झाडे थांबतात तिथून पुढे

उंच डोंगरावरच्या कुरणाकडे जाणारी वाट बहुतेक वेळा जंगलातूनच सुरू होते. पहिले दीड-दोन तास झाडांच्या सावलीत, मुळांच्या पायऱ्यांवरून आणि ओल्या पानांच्या थरावरून चढाई चालते. मग झाडे ठेंगणी होऊ लागतात, त्यांच्या फांद्या एकाच बाजूला उरलेल्या दिसतात, शेवटची काही झाडे तर गुडघ्याएवढी होऊन जमिनीलगत पसरलेली असतात, आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटांच्या चालीत एकही झाड उरत नाही. समोर नजर पोहोचेल तिथवर गवत, फुले, मधूनच एखादा खडक आणि पलीकडे बर्फाची शिखरे. चढ संपला, आता सपाटीवरून चालायचे आहे, म्हणजे अवघड भाग मागे पडला, असे नेमके याच ठिकाणी मनात येते आणि दिवसाचे गणित चुकायला इथूनच सुरुवात होते.

अशा पठारावरून एका दिवसात जाऊन येण्याविषयी हा लेख आहे. पण सुरुवात सामानाच्या यादीने न करता एका प्रश्नाने करू. इथे झाडे का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर नीट कळले की वारा, वीज, धुके, ऊन, पायाखालची माती आणि अगदी पहाटे किती वाजता निघायचे हेसुद्धा एकेक करून उलगडत जाते, कारण पठारावरच्या बहुतेक अडचणी झाड नसण्यातूनच आलेल्या असतात.

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने गार होत जाते. १२०० मीटरवरच्या पायथ्याशी दुपारी २५ अंश असतील, तर ३२०० मीटरवरच्या कुरणात त्याच वेळी १२ अंशांच्या आसपासच असतात. झाडे या थंडीने मरतात म्हणून वर वाढत नाहीत, असे आपण सहज समजतो. पण सायबेरियात हिवाळ्यात उणे ५० अंश सोसून उभी राहणारी जंगले आहेत. अडचण हिवाळ्याची नाही, उन्हाळ्याची आहे. जगभरातल्या वृक्षरेषांवर, म्हणजे जिथे झाडांची हद्द संपते त्या उंचीवर, केलेल्या मोजमापांवरून बासेल विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्तियान क्योर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान साधारण ६ अंशांच्या आसपास आले की झाडे थांबतात, मग तो डोंगर कोणत्याही खंडातला असो. त्यामागचे कारण फार सुरेख आहे. त्या थंडीतही पाने सूर्यप्रकाशापासून साखर बनवत राहतात, परंतु सुमारे ५ अंशांच्या खाली त्या साखरेतून नवे लाकूड, नवी मुळे, नवी पालवी घडवणारी पेशींची वाढ जवळजवळ बंद पडते. कोठारात धान्य भरलेले आहे, पण चूलच पेटत नाही, अशी ती अवस्था असते.

मग त्याच जागी गवत आणि फुले कशी वाढतात? त्यांच्या स्वतःच्या ठेंगण्या उंचीमुळे. झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्यामुळे त्याचे तापमान हवेच्या तापमानाहून फारसे वेगळे राहू शकत नाही. शिवाय स्वतःच्याच सावलीने ते आपल्या मुळांखालची जमीन गार ठेवते. जमिनीला चिकटून राहणाऱ्या रोपाला मात्र वारा लागत नाही, आणि उन्हाने तापलेल्या मातीलगतचा हवेचा पातळ थर त्याला पांघरुणासारखा मिळतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी या थरातले तापमान वरच्या हवेपेक्षा १० अंशांनी किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणजे चालणाऱ्या माणसाचे डोके आणि त्याच्या बुटाशेजारचे फूल हे दोघे एकाच जागी असूनही दोन वेगळ्या हवामानांत असतात.

हे वाचून समजण्यापेक्षा हाताने समजून घेणे सोपे आहे. आल्प्सपासून उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांपर्यंत आणि अमेरिकेच्या रॉकी पर्वतातही सायलीन अकॉलिस नावाची एक वनस्पती आढळते. लांबून ती शेवाळाने मढलेल्या गोल दगडासारखी दिसते. जवळ जाऊन वाकले की हजारो बारीक हिरव्या पानांची घट्ट विणलेली उशी आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्यासारख्या कळ्यांतून उमललेली छोटी गुलाबी फुले दिसतात. सकाळी ऊन आल्यानंतर तासाभराने तिच्यावर अलगद तळहात ठेवावा. बोटांच्या पाठीला वारा बोचत असतो आणि तळव्याला ऊब लागत असते. थाळीएवढ्या आकाराची अशी उशी पाहून ती दोन-चार वर्षांची असेल असे वाटते, पण ती इतकी सावकाश वाढते की काही उशांचे वय ३०० वर्षांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत.

तिथेच आसपास, बर्फ उशिरा वितळणाऱ्या खोलगट जागांत, आल्प्स किंवा नॉर्वेच्या डोंगरांत सॅलिक्स हर्बेशिया दिसते. जमिनीतून वर आलेली दोन-तीन गोल चकचकीत पाने, एवढेच तिचे रूप. ही पाने ज्या फांद्यांना लागलेली असतात त्या मातीखाली आडव्या पसरलेल्या असतात, आणि त्या खऱ्याखुऱ्या लाकडाच्या असतात, कारण ही विलो कुळातली आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनीअसने हिला सर्व झाडांमधले सर्वांत लहान झाड म्हटले होते. पठारावर झाड नाही असे आपण म्हणतो तेव्हा ते पुरते खरे नसते. कधीकधी झाड आपल्या पायाखाली आडवे झालेले असते.

हिमालयातील ब्रह्मकमळाने हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. त्याच्या फुलाभोवती जी फिकट पिवळसर, कागदासारखी पाने दिसतात त्या पाकळ्या नव्हेत. आतल्या जांभळट फुलांच्या झुबक्याभोवती त्यांनी एक अर्धपारदर्शक घर उभारलेले असते, ज्यातून प्रकाश आत जातो आणि वारा व पाऊस बाहेर राहतात. या वनस्पतीच्या सॉस्युरिया या शास्त्रीय नावात सोस्यूर पिता-पुत्रांचे नाव आहे, आणि त्यांतले वडील, ओरास बेनेदिक्त द सोस्यूर, हे १७८७ मध्ये मोजमापाची उपकरणे घेऊन आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर गेलेले शास्त्रज्ञ होत. फुलांच्या रंगांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. उंचावरची फुले मोठी असतात असे आपल्याला वाटते, पण बऱ्याचदा फूल नेहमीच्याच आकाराचे असते आणि रोपाचा बाकीचा भाग आखूड झालेला असतो, म्हणून ते डोळ्यांत भरते. बर्फ वितळणे आणि पुन्हा पडणे यांत जेमतेम दोन-तीन महिने मिळत असल्यामुळे अनेक रोपे पुढच्या वर्षाच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार करून ठेवतात. या हंगामात तुडवलेल्या रोपाचे पुढच्या हंगामाचे फूलही त्यामुळेच जाते.

झाडे नेमकी किती उंचीवर थांबतात, याचे एकच उत्तर नाही. आल्प्समध्ये ती साधारण २००० ते २३०० मीटरवर थांबतात, उत्तराखंडच्या हिमालयात ३३०० ते ३६०० मीटरच्या आसपास, तर तिबेटमध्ये जुनिपरची झाडे ४९०० मीटरपर्यंत आढळली आहेत. दक्षिण नॉर्वेत मात्र हजार-बाराशे मीटरवरच झाडे संपतात. विषुववृत्तापासून दूर जावे तशी ही रेषा खाली उतरते, हे एकदा लक्षात आले की ‘उंच कुरण’ या शब्दातली उंची मीटरमध्ये मोजायची नसते हेही कळते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो या ज्वालामुखी पर्वतावर चढताना वनस्पतींचे असेच पट्टे टिपले होते, आणि डोंगर चढणे म्हणजे काही तासांत विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे चालत जाण्यासारखे आहे, ही समज त्याच्या मांडणीतून रुजली.

सगळीच कुरणे हवामानाने घडवलेली नाहीत, हे इथेच सांगून टाकायला हवे. आल्प्समध्ये हजारो वर्षे गुराखी उन्हाळ्यात जनावरे वर नेत आले आहेत, आणि कुरण वाढवण्यासाठी त्यांनी वरचे जंगल तोडून झाडांची हद्द अनेक ठिकाणी खाली आणली आहे. जर्मन बोलणाऱ्या डोंगराळ भागांत ‘आल्प’ किंवा ‘आल्म’ या शब्दाचा अर्थच उन्हाळी चराऊ रान असा आहे. इटलीच्या डोलोमाइट डोंगरांतले सायझर आल्म हे सुमारे ५६ चौरस किलोमीटरचे पठार युरोपातले सर्वांत मोठे उंचावरचे कुरण म्हणून ओळखले जाते, आणि त्याचा मोठा भाग आजही चराई आणि गवतकापणीमुळेच मोकळा राहिलेला आहे. काश्मीरमधल्या गुलमर्ग-सोनमर्ग या नावांतला ‘मर्ग’ म्हणजे कुरण. गढवाल-कुमाऊंमध्ये त्यालाच बुग्याल म्हणतात. प्रत्येक डोंगरी लोकसमूहाकडे या जागेसाठी स्वतःचा शब्द आहे, यावरूनच माणसांचे आणि या गवताचे नाते किती जुने आहे ते दिसते. मेंढपाळ वर जायचे थांबले की वृक्षरेषेखालच्या अशा कुरणांत काही वर्षांतच झुडपे शिरू लागतात.

आता चालण्याकडे वळू. इथे अडचणींच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात, त्या आधी वेगळ्या कराव्यात असे मला आग्रहाने वाटते. पहिली गोष्ट झाड नसण्याची. ती नॉर्वेच्या १२०० मीटरच्या पठारावर आणि गिलगिट-बाल्टिस्तानातल्या देवसाईच्या ४००० मीटरच्या पठारावर सारखीच लागू पडते. दुसरी गोष्ट विरळ हवेची. ती साधारण २५०० मीटरच्या वर गेल्यावरच जाणवू लागते. नॉर्वेत हवा विरळ होत नाही म्हणून ढग, वारा आणि वीज यांनाही कमी लेखणारा माणूस फसतो. आणि हिमालयात केवळ दम लागण्याचीच काळजी करणारा माणूस आकाशाकडे बघायला विसरतो.

झाड नाही याचा पहिला परिणाम डोळ्यांवर होतो. अंतराचा अंदाज आपण ओळखीच्या आकारांवरून घेतो: झाड, घर, माणूस. पठारावर यांतले काहीच नसते, आणि हवा इतकी स्वच्छ असते की दूरच्या डोंगरावरचा निळसर पडदाही विरळ होतो. त्यामुळे अर्ध्या तासावर वाटणारा खडक दीड तास चालूनही तेवढाच दूर दिसत राहतो. म्हणून अंतर डोळ्यांनी न मोजता नकाशावर मोजावे आणि वेळ हिशेबाने काढावा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन १६ किलोमीटर आहेत आणि एकूण चढ ६०० मीटरचा आहे. हिशेबाने ४ तास १२ मिनिटे येतात. पण हा सराव असलेल्या माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ झाला. सामान्य चालणाऱ्याने त्यात निम्म्याची भर घालावी, म्हणजे सुमारे सव्वासहा तास, आणि खाण्यापिण्याला, फुले पाहायला तासभर धरावा. पहाटे साडेपाचला निघालेला माणूस एकच्या सुमारास परततो. सकाळी नऊला निघालेला माणूस साडेचारच्या आसपास पोहोचतो, आणि बारा ते तीन हे तास तो पठाराच्या अगदी मध्यभागी घालवतो. या दोन माणसांच्या दिवसांतला फरक साडेतीन तासांचा दिसतो, पण तो आकाशाचा फरक आहे.

कारण डोंगरावर दुपार ही ढगांची वेळ असते. सकाळचे ऊन पठाराच्या जमिनीला तापवते, ती जमीन आपल्यालगतची हवा तापवते, आणि त्याच उंचीवर, दरीच्या वरच्या मोकळ्या अवकाशात असलेली हवा मात्र गारच राहिलेली असते. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते, तिची जागा घ्यायला दऱ्यांतून दमट हवा उतारावरून वर ओढली जाते, वर जाऊन ती थंडावते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. नऊ-दहा वाजता शिखरांवर कापसाचे छोटे पुंजके दिसू लागले तर ते नेहमीचेच. परंतु अकरापर्यंत ते रुंदीपेक्षा उंचीने वाढताना दिसले, त्यांचे तळ सपाट आणि करडे होऊ लागले, तर दुपारी गडगडाट होणार असे धरून चालावे आणि परतीची वाट धरावी. पठाराचा पलीकडचा काठ तासाभरावर राहिलेला असला तरीही परतावे. वेळापत्रकात ‘इतक्या वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे’ ही एक वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ठेवलेली असावी, कारण दमलेल्या आणि मोहात पडलेल्या माणसाने ऐनवेळी घेतलेला निर्णय बहुधा पुढे जाण्याचाच असतो.

वीज या ठिकाणी इतकी धोक्याची का, हे आता सांगावे लागत नाही. जंगलात तुम्ही शेकडो उंच वस्तूंपैकी एक ठेंगणी वस्तू असता. गवतावर उभे असताना आसपासच्या अर्ध्या किलोमीटरमधली सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असू शकता. पण अंगावर थेट पडणारी वीज हा धोक्याचा एक भाग झाला. वीज जमिनीत शिरल्यावर चहूकडे पसरते, आणि अंतरागणिक तिचा दाब कमी होत जातो. ज्याचे पाय एकमेकांपासून लांब आहेत त्याच्या एका पायापाशी दाब जास्त आणि दुसऱ्यापाशी कमी असतो, त्यामुळे प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. चार पायांच्या जनावरात तर तो वाटेत हृदयातून जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविड्डा या विस्तीर्ण पठारावर वादळात एकत्र गोळा झालेल्या कळपातले ३२३ रेनडिअर विजेने मेले. प्रत्येकावर वेगळी वीज कोसळली नव्हती. त्यांच्या पायांखालच्या जमिनीनेच ती त्यांच्यापर्यंत पोहोचवली होती.

यावरून काय करायचे ते आपोआप निघते. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांचे अंतर असले तर वादळ १० किलोमीटरवर आहे आणि ते तुम्हाला गाठण्याइतके जवळ आले आहे. अशा वेळी पठाराची धार, उंचवटे आणि एकटे उभे असलेले झाड किंवा खडक सोडून खाली उतरावे, शक्यतो दाट जंगलाकडे. उथळ कपारीत किंवा तंबूत आसरा घेण्याने सुरक्षितता मिळत नाही. खाली उतरणे अगदीच शक्य नसेल तर सोबत्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे, घोळका करू नये, पाठीवरच्या सॅकवर उकिडवे बसावे, पावले एकमेकांना चिकटवलेली ठेवावीत आणि हात जमिनीला टेकवू नयेत. मात्र हा नाइलाजाचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर कोणी वर थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

वारा आणि थंडी यांविषयी थोडक्यात सांगता येईल. झाडे असती तर त्यांनी वारा अडवला असता. इथे तो विनाअडथळा येतो, आणि सूर्यावर ढग आला की काही मिनिटांतच अंगात हुडहुडी भरते. शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत घसरण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. १० अंशांची हवा, भिजलेले कपडे आणि वारा एवढे पुरते. सुती कपडा घाम आणि पाऊस धरून ठेवतो, म्हणून आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट अशी योजना असावी. सोबतचा माणूस अडखळू लागला, बोलताना शब्द जड येऊ लागले, किंवा थंडीने थरथरत असूनही ‘मला काही होत नाही’ असे म्हणू लागला, तर तिथेच थांबून त्याचे ओले कपडे बदलावेत. उन्हाचेही तसेच आहे: सावली कुठेच नाही, दर १००० मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि वाटेत ताज्या बर्फाचा पट्टा लागला तर तो त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत किरण खालून वर परतवतो. हवा गार असल्यामुळे त्वचा भाजते आहे हे संध्याकाळपर्यंत कळत नाही, आणि उघड्या डोळ्यांना होणारी इजाही काही तासांनीच जाणवते.

धुके, म्हणजे खरे तर पठारावर उतरलेला ढग, हे मला या सगळ्यांत सर्वांत कमी ओळखले गेलेले संकट वाटते. जंगलातल्या धुक्यात निदान पुढचे झाड दिसते. कुरणावर दाट ढग आला की वर, खाली आणि चारी बाजूंना एकच पांढरा रंग उरतो. आपण सरळ चालतो आहोत असे अशा वेळी मनापासून वाटत असते, आणि ते खोटे असते. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते; सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ चालले, तो ढगाआड गेल्यावर मात्र ते नकळत गोल फिरून आपल्याच मागावर आले. म्हणून ढग येताना दिसला की, तो पोहोचण्यापूर्वीच, आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे निश्चित करावे आणि होकायंत्रावर परतीची दिशा लावून घ्यावी. फोनवरचा नकाशा आधी उतरवून घेतलेला असावा, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून फोन अंगालगतच्या खिशात ठेवावा. दिशा कळत नसेल आणि धोका नसेल, तर ढग सरेपर्यंत बसून राहण्यात काहीही कमीपणा नाही.

आता दुसरी गोष्ट, विरळ हवेची. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण उंचावरही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. ३५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के, आणि ४००० मीटरवर सुमारे ६१ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात तेवढाच कमी ऑक्सिजन आत येतो. शरीर श्वासाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा वेग वाढवून ही तूट भरू पाहते. सपाटीवर चालूनही दम का लागतो, याचे उत्तर इथे आहे. तो व्यायाम कमी असल्याचा पुरावा नव्हे. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही उंचीच्या आजाराची लक्षणे बहुधा वर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी दिसू लागतात, आणि एका दिवसाच्या पायपिटीचा खरा फायदा असा की तोवर आपण खाली उतरलेले असतो. पण हा फायदा मुक्काम कमी उंचीवर असला तरच मिळतो. आदल्याच दिवशी गाडीने थेट ३००० मीटरच्या वर येऊन झोपलेल्या माणसाला सकाळीच डोके ठणकत असेल, तर त्याने पठाराकडे निघू नये. आणि चालताना तोल जाऊ लागला, गोंधळल्यासारखे झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर दुसरे काहीही करण्यापूर्वी खाली उतरावे.

पठारावरच्या ओढ्यांनाही घड्याळ असते. बर्फाच्या पाण्यावर वाहणारा ओढा पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रीच्या थंडीत वितळणे मंदावलेले असते. दुपारनंतर तोच ओढा मांडीपर्यंत चढू शकतो. सकाळी दगडांवर पाय देत ओलांडलेले पाणी परतताना तसेच असेल, असे गृहीत धरू नये. जनावरे चरतात तिथले पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून, शुद्ध करून प्यावे. वासरे असलेल्या गाईंपासून आणि कळपाच्या राखणीच्या कुत्र्यांपासून लांबून वळसा घालावा.

राहिली माती. थंडीत काडीकचरा कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे इथली माती शतकांच्या हिशेबाने जमते, आणि तिला धरून ठेवण्याचे काम गवताची मुळे करतात. या रोपांचा जमिनीखालचा भाग वरच्या भागापेक्षा अनेकदा मोठा असतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील राष्ट्रीय उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ बिएट्रिस विलार्ड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, पर्यटकांनी तुडवलेल्या कुरणाचे तुकडे कुंपण घालून वेगळे काढले आणि दशकानुदशके त्यांची पाहणी केली. काही हंगामांच्या तुडवण्याने उघडी पडलेली जमीन पूर्ववत व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पावसाळी दिवसांत पायवाट चिखलाची होते, मग प्रत्येकजण चिखल टाळून कडेच्या गवतावरून चालतो, तिथेही चिखल होतो, आणि काही वर्षांत एका वाटेच्या पाच वाटा शेजारी-शेजारी खोदल्या जातात. उतारावर त्याच पाच वाटांचे पुढे ओघळ होतात. म्हणून बूट बुडाले तरी मूळ वाटेच्या मधूनच, एकामागे एक चालावे. जिथे मुळात वाटच नाही तिथे मात्र उलट करावे: सर्वांनी विखरून, शक्यतो खडकांवरून चालावे, म्हणजे एकाच जागी पावले पडून नवी वाट तयार होत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली त्यामागेही हीच चिंता होती. तंबूखाली सलग काही दिवस दबलेले गवत पिवळे पडून मरते, आणि इतक्या आखूड हंगामात ते पुन्हा वाढायला वेळच उरत नाही. सकाळी वर जाऊन दुपारी खाली येणाऱ्या माणसाचे ओझे त्या मानाने हलके असते, आणि मला तरी या कुरणांवर जाण्याची हीच रीत योग्य वाटते.

परतताना वृक्षरेषा जवळ आल्याचे डोळ्यांच्या आधी कानांना कळते. दिवसभर कानांत घोंगावणारा वारा एकाएकी डोक्याच्या वर सरकतो आणि फांद्यांमधून वाजू लागतो. सकाळी घाईत ओलांडलेल्या त्या पहिल्या ठेंगण्या झाडापाशी आता थोडे थांबता येते. त्याच्या बुंध्याची वाऱ्याकडची बाजू हाताला गुळगुळीत लागते, कारण हिवाळ्यात वाऱ्याबरोबर येणाऱ्या हिमकणांनी तिथली साल घासून काढलेली असते. फांद्या उरलेल्या असतात त्या फक्त मागच्या बाजूला, आणि बर्फाखाली जेवढा भाग झाकला जातो तेवढाच खाली दाट, हिरवा आणि चहूबाजूंनी भरलेला असतो.